कॅमेऱ्याची बाराखडी

कुठलीही विद्या शिकवायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, सुरुवात कुठून करायची? भाषेला बाराखडी आहे, गणिताला पाढे आहेत, पेटीवर बसलं की सा रे ग म आहे. पण टीव्हीची बाराखडी कोणती? कॅमेरा धरणं, आवाज घेणं, तुकडे जोडणं, हे सगळं ज्याला अजिबात येत नाही त्याला पहिला धडा कशाचा द्यायचा?

आयुष्यभर मास्तरकी केल्यामुळे असेल, पण मला टीव्हीवरच्या कार्यक्रमांपेक्षा हा प्रश्न जास्त कुतूहलाचा वाटत आला. आपल्या देशात त्याची निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी उत्तरं दिली. त्यातली दोन तर अशा बायकांनी दिली ज्यांना आपली बाराखडीसुद्धा कुणी शिकवली नव्हती. त्या बायकांपर्यंत येते, पण आधी थोडं मागे जाऊ या.

१५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत टीव्ही सुरू झाला. सुरू झाला म्हणजे काय, युनेस्कोची मदत, फिलिप्स कंपनीची यंत्रं, आकाशवाणीच्या इमारतीतली थोडी जागा आणि आठवड्यातून दोनच दिवस कार्यक्रम. करणारे लोक सगळे रेडिओचे. आवाजाच्या जोरावर दुनिया उभी करणारी ही माणसं. नाटकात पाऊस पाडायचा तर कशावर काय आपटायचं, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण चित्र? रेडिओवर बोलणाऱ्याने हातात कागद धरला तरी ऐकणाऱ्याला पत्ता नसतो. इथे कागदही दिसणार, कपाळावरचा घामही दिसणार आणि "आता पुढे काय बोलू" हा चेहऱ्यावरचा गोंधळही दिसणार! शिवाय बहुतेक सगळं थेट. चुकलं तर चुकलं, पुसायची सोय नाही.

या पहिल्या मंडळींत आपले पु.ल. होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आकाशवाणीत असताना त्यांना दूरचित्रवाणीचं तंत्र शिकायला लंडनला बीबीसीकडे पाठवलं होतं. 'अपूर्वाई' आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण तो प्रवास मुळात या शिक्षणासाठी होता हे पटकन लक्षात येत नाही. दिल्लीच्या नव्या टीव्हीवर पंडित नेहरूंची मुलाखत घेतली तीही त्यांनीच. म्हणजे भारतातल्या टीव्हीचं पहिलं उत्तर असं होतं की ज्यांना आधीच खूप काही येतं, असे निवडक लोक परदेशी पाठवा, ते शिकून येतील आणि इथे इतरांना शिकवतील. उत्तर वाईट नव्हतं. सुरुवात तशीच होणार.

पुढची वर्षं भराभर सांगते. १९६१ मध्ये दिल्लीच्या शाळांसाठी कार्यक्रम सुरू झाले. १९६५ मध्ये रोजचं प्रक्षेपण आलं, १९६७ मध्ये 'कृषी दर्शन'. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं. आता शिकलेली माणसं जास्त लागणार, ती परदेशी किती पाठवणार? म्हणून १९७१ मध्ये दिल्लीत टीव्हीच्या प्रशिक्षणाचं केंद्र निघालं आणि १९७४ मध्ये ते पुण्यात आलं, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. जागा कुठली? तर प्रभात स्टुडिओची! जिथे दामले-फत्तेलालांनी 'तुकाराम' उभा केला, त्याच आवारात दूरदर्शनचे नोकरदार कॅमेरा शिकू लागले.

तिथे काय शिकवत असतील याची कल्पना कुठल्याही माध्यमाच्या कोर्सची वही पाहिली तरी येते. लाँग शॉट म्हणजे माणूस आणि त्याचा परिसर, मिड शॉट म्हणजे कमरेपासून वर, क्लोज अप म्हणजे चेहरा. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक न दिसणारी रेषा आहे असं समजायचं आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. नाहीतर पडद्यावर दोघेही एकाच दिशेला तोंड करून बोलताहेत असं दिसतं. पॅन हळू करायचा. झूम उगाच वापरायचा नाही (हा नियम लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवा होता). थोडक्यात, ही व्याकरणाची पद्धत. आधी नियम, मग वाक्यं.

आणि फिल्मवर शिकायचं तर व्याकरणाला पर्यायही नव्हता. फिल्म महाग. चित्रीकरण झालं की ती लॅबमध्ये धुवायला जाणार, मग कुठे आपण काय दिवे लावलेत ते कळणार. विद्यार्थ्याने निबंध लिहावा आणि गुरुजींनी तो आठवड्याने तपासून द्यावा, तसं. तोवर चूक कशी झाली हे पोरगं विसरलेलं असतं.

व्हिडिओ टेपने हे बदललं. टेपवर घेतलं, मागे फिरवलं, लगेच पाहिलं. नाही आवडलं, त्याच टेपवर पुन्हा घेतलं. म्हणजे ही पाटीच झाली की! लिहा, बघा, पुसा, पुन्हा लिहा. सोनी कंपनीने १९६७ मध्ये खांद्यावर बाळगण्याजोगं अर्ध्या इंचाच्या टेपचं यंत्र काढलं आणि १९७१ मध्ये पाऊण इंचाची कॅसेट असलेलं यूमॅटिक. पहिलीच्या वर्गात पाटीचं महत्त्व काय असतं ते आम्हा शिक्षकांना विचारा. वहीवर चुकण्याची मुलाला भीती वाटते, पाटीवर वाटत नाही. या एका गोष्टीमुळे पुढचा सगळा इतिहास घडला असं माझं मत आहे.

पण त्याच्या आधी 'साईट'बद्दल सांगायलाच हवं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह आपल्याला वापरायला मिळाला. त्यावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना रोज चार तास कार्यक्रम दाखवले गेले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. गावात दहा फुटी जाळीची छत्री आणि एक संच. कल्पना विक्रम साराभाईंची, पण १९७१ च्या डिसेंबरात ते गेले. प्रयोग प्रत्यक्षात उतरवणाऱ्यांत यशपाल होते आणि कार्यक्रमाची सूत्रं सांभाळणारे एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती सहा राज्यं. महाराष्ट्र त्यात नव्हता, त्यामुळे आम्ही हे फक्त वर्तमानपत्रात वाचलं. त्या वर्षात सुट्ट्यांमध्ये दोन खेपांत मिळून पन्नास हजारांच्या आसपास प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षण दिलं गेलं, तेही टीव्हीवरून. मला हेवा वाटला होता, खोटं कशाला बोलू.

तंत्राच्या दृष्टीने साईट फारच मोठी झेप होती. पण त्यात एक मेख होती. कार्यक्रम तयार व्हायचे दिल्ली, हैदराबाद, कटक इथल्या स्टुडिओंत, आणि बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान या तिन्ही राज्यांना मिळून हिंदी एकच. मिथिलेतली म्हातारी आणि छत्तीसगडचा शेतकरी घरी जी भाषा बोलतात ती ही नव्हे. शहरातल्या माणसाने खेड्यातल्याला शिकवायचं आणि खेड्यातल्याने मान वर करून बघत राहायचं. कॅमेऱ्याच्या मागे कोण, या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नव्हता.

तो थोडासा घातला गेला गुजरातेत. खेडा जिल्ह्यात पीज नावाचं गाव आहे. साईटच्याच सुमाराला इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने तिथे एक किलोवॅटचं लहानसं प्रक्षेपण केंद्र उभारलं आणि त्या एका भागापुरते कार्यक्रम करायला सुरुवात केली. तिथल्या लोकांच्या बोलीत, तिथल्या लोकांना घेऊन. हलकी व्हिडिओ यंत्रं असल्यामुळे माणसांना स्टुडिओत आणण्याऐवजी कॅमेरा शेतात आणि अंगणात जाऊ लागला. लोक तक्रारी मांडायचे आणि त्या पडद्यावर यायच्या. १९८४ मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तरीही कॅमेरा चालवणारे शिकलेले, आणि समोर बोलणारे गावकरी, ही वाटणी बरीचशी तशीच राहिली.

हे १९८४ साल मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी देशात काही महिने तर सरासरी रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र सुरू होत होतं. जुलैत 'हम लोग' सुरू झालं. आपल्याकडे पुण्यात 'बालचित्रवाणी' निघाली. (ती २०१७ मध्ये बंद पडली तेव्हा कित्येक जणांना आपलं बालपण बंद पडल्यासारखं वाटलं.) आमच्या तेव्हाच्या शाळेतही एक टीव्ही आला. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपाच्या कपाटात असे. वरच्या साहेबांची तपासणी असली की कपाट उघडायचं, एरवी "बिघडेल" म्हणून मुलांनी लांबच राहायचं. बिघडू नये म्हणून न वापरण्याची ही आपली जुनी खोड. कपाटातली पुस्तकं, प्रयोगशाळेतलं सूक्ष्मदर्शक, सगळ्यांचं तेच. असो.

आणि त्याच १९८४ मध्ये अहमदाबादेत इलाबेन भट्टांच्या 'सेवा' संघटनेने काय केलं? वीस बायकांच्या हातात व्हिडिओ कॅमेरा दिला.

सेवा ही १९७२ मध्ये स्थापन झालेली, स्वतःच्या कष्टावर पोट भरणाऱ्या बायकांची संघटना. भाजीवाल्या, विड्या वळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या. त्यांची स्वतःची बँक १९७४ पासून आहे. सही करता येत नाही म्हणून काय झालं, फोटो लावून खातं उघडता येतं, हे या बँकेने आधीच दाखवलं होतं. तर न्यूयॉर्कहून मार्था स्टुअर्ट नावाच्या बाई आल्या. (अमेरिकन टीव्हीवर केक आणि घरसजावट शिकवणाऱ्या त्या वेगळ्या!) या बाईंचा व्यवसाय व्हिडिओचा आणि आग्रह असा की ज्याची गोष्ट त्यानेच सांगावी. त्यांनी तीन आठवडे शिबिर घेतलं. शिकणाऱ्या वीस जणी. हिंदू होत्या, मुसलमान होत्या, संघटनेचं काम बघणाऱ्या होत्या आणि साध्या सभासदही होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

आता शिक्षक म्हणून विचार करा. फळ्यावर काही लिहायची सोय नाही, वहीत उतरवून घेणं नाही. यंत्रावरची सगळी अक्षरं इंग्रजी. शिवाय शिकवणारी बाई परकी, मधे दुभाषी. तीन आठवड्यांत शिकवायचं काय?

शिकवलं ते यंत्र हातात देऊनच. बटणांच्या जागा लक्षात ठेवायच्या, प्ले, पॉज, रेकॉर्ड हे शब्द कानाने शिकायचे. तशी डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी आणि सगळी उधारी तोंडपाठ ठेवणारी बाई पाठांतरात तुमच्या-माझ्यापेक्षा पक्कीच असते. पाटीचा गुण इथे कामाला आला. घेतलेलं तिथल्या तिथे बघायचं. डोकं कापलं गेलं का? आवाजात मोटारीचा भोंगा आला का? मग पुन्हा घ्या. रंगीत व्हिडिओत एक व्हाईट बॅलन्स म्हणून प्रकार असतो. उन्हाचा उजेड निळसर, बल्बचा पिवळसर, पण आपल्या डोळ्याला पांढरा कपडा दोन्हीकडे पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला तेवढी अक्कल नसते. म्हणून त्याला आधी काहीतरी पांढरं दाखवून सांगावं लागतं, "हे बघ बाबा, याला पांढरं म्हणायचं." हे समजायला केल्विनचे आकडे लागत नाहीत. दिव्याखाली लुगड्याचा रंग वेगळा दिसतो आणि दारात नेऊन पाहिलं की वेगळा, हे कुठल्या बाईला माहीत नसतं?

संकलन मात्र खरोखर कठीण. आताच्यासारखं संगणकावर तुकडे इकडून तिकडे ओढायचे नव्हते. दोन यंत्रं शेजारी ठेवायची, एकावर मूळ टेप, दुसऱ्यावर कोरी. हवा तो तुकडा शोधून दुसरीवर उतरवायचा, मग त्यापुढे पुढचा. मधलाच एखादा तुकडा नंतर लांबवावासा वाटला, तर तिथपासून पुढचं सगळं परत. शिवाय प्रत काढत गेलं की चित्र पुसट होतं. म्हणजे विणकामच. चार ओळींमागे टाका चुकला तर चार ओळी उसवा.

या वीस जणींमधल्या लीलाबेन दातनिया यांचं नाव पुढे बरंच झालं. माणेकचौकात बसून भाजी विकणाऱ्या या बाई. त्या कॅमेरा शिकल्या आणि व्हिडिओ सेवेच्या निर्मात्यांपैकी एक झाल्या. माणेकचौकातल्या विक्रेत्या बायकांवर त्यांच्या गटाने व्हिडिओ केला. विचार करा, त्या चौकाचं चित्रीकरण पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या एखाद्याने केलं असतं तरी ते चांगलंच झालं असतं. पण टोपलीच्या मागे बसल्यावर तो चौक कसा दिसतो, पोलिसाचे बूट किती अंतरावर आले की टोपली उचलायची, हे त्याला कुणी सांगितलं असतं? मार्था स्टुअर्ट पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये वारल्या. व्हिडिओ सेवा मात्र चालू राहिली आणि तिच्या बायकांनी आणखी बायकांना शिकवलं.

माझं दुसरं उत्तर येतं जहीराबादहून. पुण्याहून सोलापूर-उमरगामार्गे हैदराबादला रस्त्याने जाताना हे गाव लागतं, आता तेलंगणात आहे. त्याच्या आजूबाजूच्या खेड्यांत डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे दलित बायकांचे 'संघम' आहेत. ज्वारी, बाजरी, राळा, कोद्रा अशी कोरडवाहू धान्यं आणि त्यांचं बियाणं राखण्याचं काम त्या करतात. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते पी. व्ही. सतीश. आणि हे गृहस्थ मूळचे कोण? दूरदर्शनचे निर्माते, साईटमध्ये काम केलेले! म्हणजे ज्या प्रयोगात खेड्याने मान वर करून बघायचं होतं, त्याच प्रयोगात घडलेला माणूस. त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस संघमच्या बायकांना कॅमेरा शिकवायला घेतला. २००१ मध्ये त्या बायकांचा स्वतःचा माध्यम गट उभा राहिला.

इथे जे घडलं ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. कॅमेरा खाली ठेवून वर बघितलं तर माणूस मोठा, दांडगा दिसतो, वरून खाली बघितलं तर तो लहान, दुबळा दिसतो, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. सिनेमात नायक पहिल्यांदा दिसतो तो बहुधा खालून, बुटांपासून वर. त्यासाठी इंग्रजीत लो अँगल, हाय अँगल, आय लेव्हल असे शब्द आहेत. या बायकांनी ते शब्द बाजूला ठेवले आणि आपले दिले. खालून वर पाहणारा शॉट म्हणजे 'गुलामाचा शॉट'. वरून खाली पाहणारा तो 'पटेलाचा शॉट'. तिकडचा पटेल म्हणजे आपल्याकडचा पाटील, जमीनदार. आणि डोळ्याला डोळा भिडवून, समोर बसून घेतलेला, तो 'संघमचा शॉट', कारण संघमात सगळ्या जणी गोल करून जमिनीवर बसतात.

पटेल ओट्यावर आणि आपण अंगणात, असं ज्यांनी पिढ्यानपिढ्या मान वर करून पाहिलं, त्यांना लो अँगल शिकवावा लागलाच नाही. तो त्यांच्या मानेतच होता. फक्त त्यासाठी एक बटण असतं एवढीच बातमी नवी. मी व्याकरण शिकवणारी बाई, नियमांची मला भारी हौस. पण कॅमेऱ्याच्या व्याकरणाचं यापेक्षा नेमकं पुस्तक मी पाहिलेलं नाही. कोर्सच्या वहीत लो अँगलपुढे "व्यक्तिमत्त्व प्रभावी दिसते" असं लिहिलेलं असतं. कुणाला प्रभावी, कुठे बसून, हे या बायकांच्या एका शब्दात आलं.

शिकून त्यांनी केलं काय, तेही सांगते. २००२ मध्ये सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. या बायकांनी त्या पहिल्याच हंगामात वारंगळकडच्या शेतकऱ्यांकडे पेरणीपासून वेचणीपर्यंत पुनःपुन्हा जाऊन चित्रीकरण केलं आणि २००३ मध्ये त्यावर माहितीपट काढला. बीटी कापूस चांगला की वाईट, या वादात मला शिरायचं नाही. त्यावर दोन्हीकडून पुष्कळ लिहिलं गेलंय आणि माझ्या घरातही दोन मतं आहेत. मला लक्षात राहते ती पद्धत. वाहिनीचा माणूस येतो, शेताच्या बांधावर उभा राहतो, पाच मिनिटं बोलतो आणि दिवस मावळायच्या आत शहरात परततो. ह्या बायका स्वतः शेतमजुरी केलेल्या, शेतकरी. जूनमध्ये शेतकरी काय म्हणत होता आणि जानेवारीत काय म्हणाला, हे शेजारी शेजारी ठेवायचं तर मधले सगळे महिने जावं लागतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नसणार. पिकाला जेवढा वेळ लागतो तेवढा चित्रपटाला लागणार, इतकंच.

पुढे १५ ऑक्टोबर २००८ ला त्यांचा स्वतःचा 'संघम रेडिओ' सुरू झाला, तोही त्या बायकाच चालवू लागल्या. सतीश २०२३ च्या मार्चमध्ये गेले. इलाबेन त्याच्या काही महिने आधी, २०२२ च्या नोव्हेंबरात.

आमच्या हैदराबादकर भाचीला आणि जावयांना एक सांगणं. दिवाळीला इकडे येता-जाता जहीराबाद रस्त्यातच लागतं. संस्थेचं पस्तापूर गाव तिथून अगदी जवळ आहे. एकदा गाडी आत वळवा, आणि त्या बायका भेटल्या तर त्यांना विचारून या की संकलनाला, म्हणजे एडिटिंगला, त्यांच्यात काय शब्द आहे. मला तो अजून कुठे सापडलेला नाही.